आरोग्यसेवकांचे मनःस्वास्थ्य : समाजाचे एक कर्तव्य

(माहूर परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा पाठ)



श्रीदत्तात्रेयांच्या नित्यक्रमाविषयी महाराष्ट्रात एक श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. स्नान एका तीर्थी, भिक्षा कोल्हापुरी आणि निद्रा मातापुरी, म्हणजेच माहूरगडावर. स्नानाचे स्थान कोणी काशी सांगतात, कोणी गोदातीर सांगतात. परंतु कोल्हापूरची भिक्षा आणि माहूरची निद्रा मात्र सर्वांच्या तोंडी आहे. अखंड संचार करणाऱ्या दैवतालाही दिवसाच्या अखेरीस विसावा हवा, हे लोकमानसाने जाणले आणि त्या विसाव्यासाठी माहूरची निवड केली. त्याच माहूरच्या पायथ्याशी आणि भोवतालच्या डोंगरवाड्यांतून रात्रंदिवस रुग्णांची सेवा करणारी काही माणसे वावरत असतात. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, आशा स्वयंसेविका, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार अशी ही माणसे होत. त्यांच्या विसाव्याचे स्थान कोणी नेमून दिले आहे काय? प्रस्तुत विषयाचे मूळ या साध्या प्रश्नात आहे.

रोग्याच्या आरोग्याचा विचार शासन करते, ग्रामपंचायत करते, वृत्तपत्रेही करतात. परंतु रोग्याला बरे करणाऱ्याच्या आरोग्याचा, विशेषतः त्याच्या मनाच्या आरोग्याचा विचार अलीकडेपर्यंत फारसा कोणी केला नाही. डॉक्टर आजारी पडत नाही, परिचारिका थकत नाही, अशी एक भाबडी समजूत समाजात रूढ आहे. ही समजूत खोटी तर आहेच; पण ती गावाच्या हिताचीही नाही.

दुर्गम भागातील सेवा

माहूर हा नांदेड जिल्ह्याच्या १६ तालुक्यांपैकी एक. उत्तरेस पैनगंगा, तिच्या पलीकडे विदर्भ. शेजारी किनवट आणि त्याच्यापुढे तेलंगणाची सीमा. सागाची वने, डोंगरउतार, घाटाचे रस्ते आणि त्यांतून विखुरलेली गावे, पाडे व तांडे. गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा समाजाची वस्ती येथे मोठी आहे. एकाच दिवशी गोंडी, कोलामी, बंजारा बोली, तेलुगू आणि मराठी अशा पाच बोलींतून रुग्णाचे दुखणे ऐकण्याचा प्रसंग येथील परिचारिकेवर येऊ शकतो. जिल्ह्याचे मोठे रुग्णालय नांदेडास, म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर.

शासनाच्या निकषानुसार मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र असावे लागते. आदिवासी व डोंगराळ भागासाठी हे प्रमाण अनुक्रमे २०,००० आणि ३,००० असे शिथिल केलेले आहे. हा निकष योग्यच आहे. परंतु निकष माणसे मोजतो. घाट, ओढे आणि पावसाळ्यातील चिखल मोजत नाही. तीन हजार लोकसंख्या एकाच गावात असणे वेगळे आणि ती सात-आठ पाड्यांत विभागलेली असणे वेगळे.

अशा एखाद्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी लसीकरणाचे सत्र. तेथे लसीनंतर मुलाला ताप येतो म्हणून नकार देणाऱ्या आईची समजूत घालावयाची. दुपारी गरोदर मातांची तपासणी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या. मग तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, क्षयरोग्याने औषध घेतले की नाही याची चौकशी. त्यानंतर नोंदवह्या, आणि नोंदवहीत लिहिलेले तेच पुन्हा मोबाईलवर भरावयाचे, तेही डोंगरावर जेथे संपर्क मिळेल तेथे उभे राहून. रात्री दार वाजले की प्रसूती. घरी स्वतःची मुले, सासूसासरे, स्वयंपाक. महिनाअखेरीस अहवाल, आणि अहवालात एखादे उद्दिष्ट अपुरे असले तर बैठकीत सर्वांसमोर विचारणा.

वर्षातून काही वेळा या नित्याच्या भारात यात्रेची भर पडते. शारदीय नवरात्रात श्रीरेणुकामातेच्या दर्शनासाठी, नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेसाठी आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीसाठी भाविकांची रीघ लागते. पायऱ्या चढताना छातीत कळ येणारा वृद्ध, गर्दीत घेरी आलेली स्त्री, दूषित पाण्याने जुलाब झालेले मूल, या सर्वांसाठी आरोग्य पथक सज्ज असावे लागते. यात्रेच्या दिवसांत गावोगावचे लोक सण साजरा करतात. आरोग्य कर्मचारी तो दुरून पाहतो.

मन कसे थकते

अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये सेवाभावी दवाखान्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे निरीक्षण करून एका अवस्थेस ‘बर्नआउट’ असे नाव दिले. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी ती मोजण्याची पद्धत सिद्ध केली. मराठीत तिला ‘जळून जाणे’ म्हटले तरी अर्थ चुकणार नाही. समईतील तेल संपले तरी वात काही काळ पेटतीच राहते. पण त्या वेळी तेल जळत नसते, वातच जळत असते. पाहणाऱ्यास मात्र प्रकाशच दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेचा समावेश केला असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तेथे तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या व नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी घटना असे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत. पहिले, शक्ती पूर्णपणे सरल्याची भावना. दुसरे, कामाविषयी दुरावा किंवा तिरस्कार. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही, अशी वाटू लागणारी खात्री.

यांतील दुसरे लक्षण गावाने विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्वी हसतमुखाने बोलणारी परिचारिका अलीकडे रुग्णावर खेकसते, पूर्वी पाड्यावर पायी जाणारा सेवक आता टाळाटाळ करतो, असे दिसले की लोक म्हणतात, ‘नोकरी पक्की झाली, आता माज आला.’ तसे क्वचित असेलही. परंतु पुष्कळदा तो माज नसून मनाने उभारलेली भिंत असते. रोज दुसऱ्याचे दुःख पाहणारे मन आणखी दुःख आत येऊ नये म्हणून दार लावून घेते. दाराबाहेर उभ्या असलेल्या रुग्णास ते उद्धटपणाचे वाटते.

याखेरीज आणखी दोन प्रकारच्या वेदना आहेत. एक म्हणजे योग्य काय ते ठाऊक असूनही साधनाअभावी ते करता न येण्याची. अडलेल्या मातेस शस्त्रक्रियेची गरज आहे हे दिसत असते. परंतु भूलतज्ज्ञ उपलब्ध नसतो, म्हणून तिला पुढच्या रुग्णालयात पाठवावे लागते. रुग्णवाहिका घाट उतरून दिसेनाशी होईपर्यंत वैद्यकीय अधिकारी दारात उभा असतो. त्या रात्री त्याला झोप लागत नाही. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात अशा घावास अभ्यासकांनी नैतिक जखम असे नाव दिले होते. आज तोच शब्द रुग्णालयांतही वापरला जातो.

दुसरी वेदना रुग्ण दगावल्यानंतरची. अल्बर्ट वू या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनी २००० मध्ये दाखवून दिले की उपचारात काही चूक झाली तर पहिला बळी रुग्ण असतो, हे खरे. परंतु ज्याच्या हातून ती झाली तो वैद्य हा दुसरा बळी असतो. प्रत्यक्ष चूक नसतानाही, केवळ मृत्यू आपल्या पाळीत घडला म्हणून, वर्षानुवर्षे स्वतःला दोष देणाऱ्या परिचारिका आणि सुईणी प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

त्यागाची परंपरा आणि तिची मर्यादा

महाराष्ट्रास आरोग्यसेवेतील त्यागाची थोर परंपरा लाभलेली आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि त्या सेवेतच प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. रणांगणाजवळ सलग बहात्तर तास त्यांनी झोपेविना शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच निवर्तले.

ही चरित्रे शाळेतील मुलांना अवश्य सांगावीत. परंतु ती सांगताना एक विवेक बाळगावयास हवा. त्याग वंदनीय असतो, पण कोणतीही यंत्रणा रोजच्या त्यागावर चालविता येत नाही. युद्ध आणि महामारी हे अपवाद होत. अपवादाच्या काळात माणूस बहात्तर तास जागतो. ते नेहमीचे वेळापत्रक झाले तर त्याचे हात थरथरू लागतात आणि त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते. डॉ. कोटणीसांची जयंती १० ऑक्टोबर रोजी असते आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनही त्याच दिवशी पाळला जातो. हा निव्वळ योगायोग असला तरी त्या दिवशी दोहोंचे स्मरण एकत्र करणे उचित ठरेल.

मराठवाड्याने आपत्तीही पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे प्राणास मुकली. जखमींनी रुग्णालये भरून गेली आणि डॉक्टर-परिचारिकांनी रात्रीचा दिवस केला. घरे पुन्हा बांधून झाली तरी मनाची पडझड लवकर सावरत नाही, हा त्या आपत्तीचा धडा होता. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने तो पुन्हा शिकविला. संरक्षक पोशाखात तासन्‌तास घामाने निथळत राहणे, घरी गेल्यावर मुलाला जवळ न घेणे, शेवटच्या क्षणी नातेवाईक जवळ नसलेल्या रुग्णाचा हात धरून बसणे, हे त्या दोन वर्षांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी सोसले. काही ठिकाणी तर त्यांच्याच शेजाऱ्यांनी त्यांना वस्तीत येण्यास मज्जाव केला.

सर्वेक्षणाची धुरा ज्या आशा स्वयंसेविकांनी वाहिली, त्यांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरविले. त्याच आशांनी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात मानधनवाढीसाठी संप केला होता, हेही विसरता येणार नाही. गौरव आणि मानधन या परस्परांना पर्यायी वस्तू नव्हेत. वेळेवर आणि पुरेसा मोबदला मिळणे हाही मनःस्वास्थ्याचाच भाग आहे.

नांदेडचा धडा

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. साऱ्या राज्यास हादरा देणारी ही घटना होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि औषधांची उपलब्धता व मनुष्यबळ यांविषयी शासनास विचारणा केली.

ज्या मातापित्यांनी आपली बालके गमावली त्यांच्या शोकास सीमा नव्हती आणि त्यांना उत्तर मिळण्याचा पूर्ण अधिकार होता. परंतु त्याच दिवसांत त्या रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेण्यात आले. त्या प्रकरणी पुढे गुन्हाही नोंदविण्यात आला. स्वच्छता करणे हे हलके काम आहे असे कोणीही म्हणणार नाही. ते काम रोज करणारे कामगारही आरोग्यसेवकच होत. प्रश्न अवमानाचा होता. खाटांपेक्षा रुग्ण अधिक, पदे रिक्त, औषधांची टंचाई अशा परिस्थितीत काम करणाऱ्या माणसाला जाहीररीत्या अपमानित केल्याने एकही खाट वाढत नाही, एकही बालक वाचत नाही. उलट ते दृश्य पाहणारा तरुण डॉक्टर मनाशी ठरवितो की शासकीय सेवेत राहावयाचे नाही, आणि ग्रामीण भागात तर नाहीच. त्या निर्णयाचे परिणाम पुढे माहूर-किनवटच्या मातांना भोगावे लागतात.

उत्तरदायित्व मागणे आणि अवमान करणे यांतील भेद लोकशाहीत प्रत्येकाने जपावयास हवा. चौकशी व्हावी, कागदपत्रे तपासली जावीत, दोषी आढळल्यास कारवाई व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हाच विवेक सांगितला आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या फौजदारी तक्रारीत स्वतंत्र व तज्ज्ञ वैद्यकीय अभिप्राय घ्यावा आणि डॉक्टरांना सरसकट अटक करू नये, असे न्यायालयाने म्हटले.

विद्यार्थिदशेपासूनच भार

हा ताण नोकरीत लागल्यावर सुरू होतो, असे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सर्वेक्षणात पदवीचे २५,५९० आणि पदव्युत्तर वर्गाचे ५,३३७ विद्यार्थी सहभागी झाले होते. त्यांपैकी पदवीच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तर १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक आजाराचे निदान झाले असल्याचे नमूद केले. निवासी डॉक्टरांना आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊ नये आणि आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी, अशी शिफारस या अहवालाने केली. चौऱ्याहत्तर तास ही मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यावरूनच प्रत्यक्ष स्थितीची कल्पना यावी.

मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने महाराष्ट्र हळहळला. आदिवासी समाजातून शिकून वर आलेल्या या तरुणीचा जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. माहूर-किनवटच्या आश्रमशाळांतून आज ज्या मुली परिचर्या अभ्यासक्रमाकडे आणि वैद्यकीय शिक्षणाकडे वळत आहेत, त्यांच्या शिक्षकांनी या घटनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मुलगी वसतिगृहात गेल्यावर तिला महिन्यातून एक दूरध्वनी करणे, ती सुटीत गावी आली असता तिच्याशी निवांत बोलणे आणि काही अघटित जाणवल्यास तिच्या संस्थेस लेखी कळविणे, एवढे तरी शाळेला करता येण्यासारखे आहे.

कायद्याचे पाठबळ

या विषयात कायदे आहेत. त्यांची माहिती गावपातळीवर पोहोचावयास हवी.

महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यानुसार अशा हिंसाचारास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, आणि मालमत्तेची नासधूस झाली असेल तर तिच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर अन्य आरोग्य कर्मचाऱ्यांनाही या अधिनियमाचे संरक्षण आहे.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती सक्तीची करतो. उपकेंद्रात दोन-तीनच कर्मचारी असतात. तेथील आरोग्यसेविकेने कोणाकडे जावयाचे? तिच्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. ही गोष्ट प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ मध्ये अमलात आला. मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरविला आणि उपचाराविषयीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले. जीवन संपविण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, आणि तिला शिक्षा न देता उपचार व पुनर्वसन द्यावे, अशीही तरतूद त्यात आहे. आरोग्य कर्मचारी हाही नागरिकच आहे. हा हक्क त्यालाही आहे.

तरीही तो उपचार घेण्यास बिचकतो. ‘डॉक्टरच वेडा झाला,’ असे लोक म्हणतील, वरिष्ठ गोपनीय अहवालात शेरा मारतील, अशी भीती त्यास वाटते. ही भीती केवळ येथलीच नव्हे. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या ऐन लाटेत आपले जीवन संपविले. उपचार घेतल्यास वैद्यकीचा परवाना धोक्यात येईल, ही भीती त्यांना छळत होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. त्यांच्या नावाने २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ हा असून ती निःशुल्क आहे, अहोरात्र उपलब्ध आहे आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते. ज्याला आपल्याच रुग्णालयातील सहकाऱ्यासमोर मन मोकळे करण्याचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी ही सेवा विशेष उपयुक्त होय. आपत्तीत सापडलेल्या सहकाऱ्यास हा क्रमांक सांगणे आणि तो बोलत असताना त्याच्याजवळ बसून राहणे, ही मोठी मदत ठरते.

कार्यालयाने करावयाच्या गोष्टी

मनःस्वास्थ्य म्हटले की वर्षातून एकदा योगाचे शिबिर भरवून छायाचित्र पाठवावे, अशी एक कल्पना कार्यालयांतून आढळते. योग आणि ध्यान उपयुक्तच आहेत. परंतु सलग दोन रात्री जागलेल्या परिचारिकेस तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ध्यानास बोलाविणे हा उपचार नव्हे. तिला झोपू देणे हाच उपचार आहे.

पाळीपत्रक महिन्याच्या आरंभी लावले जावे आणि शक्यतो बदलू नये. रात्रपाळीनंतर विश्रांतीचा दिवस मिळावा. हक्काची रजा मागणाऱ्यास अपराध्यासारखे वाटू नये. कर्मचारी निवासात दाराला कडी, नळाला पाणी आणि रात्री दिवा असावा. एकट्या राहणाऱ्या आरोग्यसेविकेच्या मनाची निम्मी शांतता त्या कडीवर अवलंबून असते. एकच माहिती तीन ठिकाणी भरावी लागत असेल तर ती एका ठिकाणी आणता येईल काय, हे पाहावे. आढावा बैठकीत उणीव अवश्य दाखवावी, पण सर्वांसमोर पाणउतारा करू नये.

मातामृत्यूच्या पुनर्विलोकनाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. या पुनर्विलोकनाचे तत्त्वच असे आहे की कोणाचे नाव घ्यावयाचे नाही आणि कोणावर दोष ठेवावयाचा नाही. माता का दगावली आणि पुढची कशी वाचेल, एवढेच पाहावयाचे. ते तत्त्व विसरून बैठकीचे न्यायालय झाले की कर्मचारी सत्य दडवू लागतात. सत्य दडले की पुढची माताही धोक्यात येते. म्हणजे कर्मचाऱ्याचे मनःस्वास्थ्य आणि मातेचे प्राण ही एकाच दोरीची दोन टोके होत.

आणखी एक उपाय अल्पखर्चाचा आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट या मनोविश्लेषकांनी साध्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा एकत्र बसविण्यास प्रारंभ केला. त्या बैठकीत रोगाची नव्हे, तर रोग्याला तपासताना डॉक्टरच्या मनात काय आले याची चर्चा होत असे. ही पद्धत पुढे अनेक देशांत रुजली. प्राथमिक आरोग्य केंद्रात मासिक बैठकीच्या शेवटी अर्धा तास अशा बोलण्यासाठी राखून ठेवता येईल. त्यात इतिवृत्त लिहू नये, वरिष्ठांनी उपदेश करू नये आणि तेथे बोललेले बाहेर जाऊ नये, एवढे तीन नियम पुरेत.

गावाने आणि शाळेने करावयाच्या गोष्टी

आता पंचायत सदस्यांकडे वळावयास हवे. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आहे. या समित्यांच्या विषयपत्रिकेवर ‘कर्मचाऱ्यांच्या अडचणी’ हा एक विषय कायमचा असावा. उपकेंद्राकडे जाणारा रस्ता, आवारातील विजेचा दिवा, पाण्याची टाकी, कुंपण ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. नवी आरोग्यसेविका गावात रुजू झाली तर तिला सरपंच आणि ग्रामसेवकांनी भेटून गावाची ओळख करून द्यावी. रात्री तिला पाड्यावर बोलवावयाचे असल्यास बरोबर गावातील जबाबदार माणूस, शक्यतो स्त्री, पाठविण्याची प्रथा पाडावी.

रुग्ण दगावला आणि नातेवाईक संतप्त झाले तर पहिला अर्धा तास निर्णायक असतो. त्या वेळी गावातील दोन समंजस माणसे दारात उभी राहिली, त्यांनी नातेवाइकांना बाजूस नेऊन पाणी दिले आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला शांतपणे काय घडले ते सांगण्याची संधी दिली, तर बहुधा अनर्थ टळतो. पोलिसांना बोलाविण्यापूर्वी गावानेच हे काम करावयाचे आहे. शोक करणाऱ्याचा राग समजून घ्यावा. मात्र त्या रागाला दगड हाती घेऊ देऊ नये.

शिक्षकांचे कार्य सूक्ष्म आहे, पण दूरगामी आहे. मुलांनी रुग्णालयास भेट द्यावी, परिचारिकेस शाळेत बोलावून तिचे अनुभव ऐकावेत. जिने आपल्या धाकट्या भावाला लस टोचली तिच्या पायांना दिवसभर किती चालावे लागते, हे मुलाला कळले की तो मोठा होऊन रुग्णालयात दगड उचलणार नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांनीही स्वतःकडे पाहावयास हवे. झोप सतत उडणे, कारणावाचून चिडणे, जेवणावरची वासना जाणे, मद्याचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घ्यावासा वाटणे, जगण्यात अर्थ नाही असे विचार येणे, या खुणा रुग्णात दिसल्या असत्या तर त्यांनी तत्काळ उपचार सांगितला असता. स्वतःत दिसल्या तरी उपचार तोच. मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे. स्वतःची नाडी पाहणे हेही वैद्याचे कामच आहे.

समारोप

माहूरच्या डोंगरावर अनसूयामातेचे शिखर आहे. परंपरा तिला वत्सलतेची मूर्ती मानते. दुसऱ्याच्या लेकरासाठी रात्र जागविणारी परिचारिका त्याच वत्सलतेचा वारसा चालवीत असते. परंतु तिला देवी म्हणून हात जोडणे सोपे आहे. देवीला भूक, झोप, रजा यांची गरज नसते, अशी आपली समजूत असते. तिला माणूस म्हणून ओळखणे अधिक अवघड आणि अधिक आवश्यक आहे.

पुढच्या मासिक सभेत प्रत्येक पंचायतीने एवढाच एक ठराव मांडावा : आपल्या उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांची निवासस्थाने समितीच्या सदस्यांनी समक्ष पाहावीत, दाराची कडी, पाणी आणि दिवा यांची नोंद घ्यावी आणि जे उणे असेल ते पुढच्या सभेपूर्वी पुरे करावे. आरंभ एवढ्यानेही होऊ शकेल. श्रीदत्तात्रेय निद्रेसाठी माहूरला येतात, अशी ज्या भूमीची श्रद्धा आहे, त्या भूमीत रोग्यांसाठी जागणाऱ्या माणसालाही रात्री निश्चिंतपणे डोळा लागावा, ही अपेक्षा मोठी नव्हे.